आत्याची रविवारची भाकर

सातपूरच्या कारखान्याचा सकाळचा भोंगा विरतो न विरतो, तोच शालिनीआत्याच्या अंगणातून नागलीच्या भाकरीची थाप ऐकू येई. आणि त्या थापेच्या लयीवर तिचं भजन, हिवाळ्यातल्या धुक्यासारखं, हळूहळू गल्लीभर पसरत जाई. आवाज काही गोड नव्हता हं तिचा, खरं तेच सांगते. पण त्यातली माया मला देवळातल्या पेटीवर बसवलेल्या गीतांत कधी सापडली नाही.

आम्ही ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतो. आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान योसेफभाऊ, गेले आणि वर्षभरात तिचं देवळात जाणं सुटलं. "कधी उठायचं, कधी बसायचं, कधी आमेन म्हणायचं, सगळं पाठ झालंय गं बाई. देव तेवढा दिसेना," एवढंच ती म्हणाली. मग दर रविवारी, रात्रपाळी संपवून खोलीवर परतणारी पेठ-सुरगाण्याकडची पोरं तिच्या चुलीपाशी टेकू लागली. ती डोळे मिटून दोन शब्दांची प्रार्थना करी, भाकर मोडून एकेकाच्या हातावर ठेवी. आणि जाळाच्या उजेडात तिचा सावळा, सुरकुतलेला चेहरा असा निवलेला दिसे, की बघतच राहावं. "आत्या, तुझा देव लय गरम भाकर देतो," म्हणत पोरं हसत.

झालं! आत्या घरीच प्रभुभोजन, म्हणजे देवळात फक्त पाळकानं द्यायची ती पवित्र भाकर, घालते, अशी आवई उठली. पाळकसाहेब घरी आले. भला माणूस बिचारा, ओशाळून म्हणाला, "ताई, हे थांबवा, देवळात या. नाहीतर योसेफभाऊंच्या शेजारची कबरेची जागा देवळाची कमिटी तुम्हाला द्यायची नाही."

आत्या पांढरीफटक पडली. त्या जागेवर तिनं स्वतःच्या हातानं मोगरा लावला होता, आपण जाईपर्यंत ह्यांना सोबत म्हणून.

पुढच्या रविवारी ती निळ्या काठांची पांढरी साडी नेसून माझ्याबरोबर निघाली. देवळाच्या पायरीपर्यंत आलीसुद्धा. घंटा वाजली आणि ती थबकली. "पोरं येऊन बसली असतील गं. ती उपाशी निजणार, आणि मी इथं जागेसाठी गुडघे टेकू? ह्यांनाच आवडायचं नाही." परतीच्या रिक्षात मात्र माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ती हमसून हमसून रडली. मीही रडले.

काही वर्षांनी, भर उन्हाळ्यात, आत्या गेली. कमिटीनं आपला शब्द खरा केला. तिला जागा मिळाली ती कबरस्थानाच्या पार दुसऱ्या टोकाला, कुंपणाशी. मूठमूठ माती द्यायला तीच पोरं आली होती, आता लेकुरवाळी झालेली. मला फार राग आला होता तेव्हा. अजूनही येतो.

पण मी जाते. आधी आतोबांकडे, मग आत्याकडे, आणि एकाची खुशाली दुसऱ्याला सांगत परत फिरते, वेडेपणाच म्हणा. इतक्या वर्षांच्या या येरझारांनी त्या दोन कबरींच्या मधे एक पायवाट पडली आहे. श्रावणात सगळं कबरस्थान हिरवं होऊन जातं, गेलेल्यांची नावंसुद्धा गवताखाली बुडतात. पण आठवण जिथून रोज चालत जाते, तिथं काळालाही गवत उगवता येत नाही.