खाऱ्या पाण्याची झारी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची झारी आहे, आणि आजवर शेकडो रोपांच्या मुळाशी मी मीठ ओतलं आहे! दचकू नका. बियाणं पारखणाऱ्या केंद्रात माझं हेच काम, आणि मला त्याचा अभिमान आहे. खाऱ्या पाण्याची खूण म्हणून माझ्या गळ्याला लाल पट्टा आहे. गोड्या पाण्याच्या झाऱ्या मला नाकं मुरडतात, मुरडोत बापड्या.

केंद्रातल्या संशोधक बाईंच्या थोरल्या बहिणीचं शेत खाडीकाठी होतं. विहीर खारावली, मातीवर पांढरा थर आला. सूर्यफूल पेरलं, तर निम्मं बी उगवेचना. उगवलेल्या रोपांच्या पानांच्या कडा करपल्या, दाणे पोचट निघाले. मग तेल कुठून येणार? मातीत ओल असली, तरी मिठापुढे मुळांना पाणी ओढता येत नाही. म्हणून बाईंनी कुंड्यांत वेगवेगळे वाण लावले आणि ताईंच्या विहिरीइतकं खारं पाणी माझ्या तोंडून पाजलं.

एक ओळ हिरवीगार राहिली. बाई हरखल्या. ते बी ताईंनी पेरलं आणि बघता बघता सगळं जळून गेलं. "पुढच्या वर्षी एकदाच पेरते," ताई म्हणाल्या, "नाहीतर शेत विकून मोकळी होते."

तेव्हा केंद्रातले माळीकाका मान खाली घालून पुढे आले. "बाई, ती ओळ माझ्या खोलीसमोरच होती. माना टाकलेली रोपं बघवेनात हो. मी गुपचूप गोडं पाणी घालायचो."

"काका, तुमच्या मायेनं माझ्या बहिणीचा हंगाम गेला!" बाई म्हणाल्या. मग त्यांनी मला काकांच्याच हातात दिलं. "आता तुम्हीच घाला. आणि हात आखडू नका."

काकांनी मन घट्ट केलं. ओळीमागून ओळ सुकत गेली. ते डोळे पुसत, पण पाणी चुकवत नसत. शेवटी एक बुटकी, जाड पानांची ओळ तगली. फुलं तळहाताएवढीच, पण दाणा टच्च भरलेला.

ते बी खाडीकाठच्या मातीतही तगलं. ताई पहिलं फूल घेऊन आल्या आणि त्यांनी ते काकांच्या ओंजळीत ठेवलं. "शेत विकत नाही आता," एवढंच म्हणाल्या. काकांनी ते अलगद कपाळाला लावलं. मला पत्र्याचा ऊर भरून येणं म्हणजे काय, ते त्या दिवशी कळलं.

मित्रांनो, मीठ पत्र्यालाही सोडत नाही. काम झालं की मला विसळून पालथी ठेवा. आणि एखाद्या रोपावर खरी माया असेल, तर त्याला जिथं जगायचं आहे, तिथलंच पाणी पाजा.