धाकटीचा पहिला माणूस

काचेच्या वरच्या कडेला चार बोटं रुंदीचा एक पट्टा धुवायचा राहिला होता. त्याच्या खाली काच इतकी लख्ख होती की समोरच्या इमारतीच्या विटा मोजता आल्या असत्या. पट्ट्यात मात्र महिन्याभराची धूळ होती, आणि दोन्हींच्या मधली सीमा पट्टी धरून आखल्यासारखी सरळ. धाकटीने शेजारची काच पाहिली. चार बोटं. त्यापुढची, त्याच्याही पुढची. दवाखान्याच्या पहिल्या मजल्यावरच्या अकराही काचांवर धूळ एकाच उंचीपासून सुरू होत होती.

आळशी माणसाचं काम असं नसतं, हे तिला आठ वर्षांच्या धंद्याने शिकवलं होतं. आळशी माणूस इथे दोन बोटं सोडतो, तिथे वीतभर. इतकी सारखी चूक करायला शिस्त लागते. म्हणजे हा माणूस दर वेळी शिडीच्या त्याच पायरीपर्यंत चढला होता, हात पोचेल तिथवर काच मनापासून पुसली होती, आणि वरची आणखी एक पायरी त्याने अकरा वेळा टाळली होती.

तो माणूस म्हणजे तिचे भाऊजी, नवऱ्याचे थोरले भाऊ.

त्या दिवसापासून दुपारी भाऊजी जेवायला घरी गेले की ती घाईघाईने शिडी लावून ते पट्टे काढायची. तीन आठवडे असंच चाललं होतं. ते परत यायच्या आत शिडी पूर्वीच्या जागी ठेवायची, फडकं पिळून वाळत टाकायचं, आणि आपण डबा खात बसलो होतो असं दाखवायचं. स्वतःच्याच धंद्यात चोरासारखं वागायची पाळी तिच्यावर कशी आली, याचा तिने बराच विचार केला होता, आणि दर वेळी तो विचार पगाराच्या पाकिटाशी येऊन थांबायचा.

धाकटी हे तिचं सासरचं नाव. सत्तेचाळीस वर्षांची झाली, चष्मा लागला, तरी घरात ती धाकटीच. एक बादली, एक शिडी आणि रबरी पट्टीचे दोन वायपर घेऊन तिने लोकांच्या खिडक्या धुवायला सुरुवात केली तेव्हा नातेवाइकांनी नाकं मुरडली होती. चार महिन्यांपूर्वी या दवाखान्याचं काम मिळालं आणि तिला दोन हात पुरेनात. नेमकं त्याच सुमारास, भाऊजी ज्या कापडाच्या दुकानात अठ्ठावीस वर्षं होते, ते दुकान बंद पडलं. भाऊजी सकाळी दाढी करून, शर्ट खोचून, जायला कुठेच नाही म्हणून खिडकीशी उभे राहायला लागले.

"तुला माणूस हवाय, त्याला काम हवंय," नवरा म्हणाला. "सरळ हिशेब आहे."

"मग तुम्ही विचारा."

"मी? तो माझा थोरला भाऊ आहे. त्याच्यासमोर मी अजून पायावर पाय टाकून बसत नाही. नोकरीवर ये, असं कसं म्हणू?"

शेवटी तिनेच विचारलं. पण नोकरी हा शब्द तिच्याही जिभेवर आला नाही. ती म्हणाली, "भाऊजी, दवाखान्याचं काम मोठं आहे. मला एकटीला झेपत नाहीये. तुम्ही आलात तर…"

"अगं, मग आधी नाही का बोलायचं? घरचंच काम आहे. उद्यापासून येतो."

ते 'घरचंच' तिला तेव्हाच टोचायला हवं होतं. पण ते हो म्हणाले याच आनंदात ती घरी आली.

पहिला महिना संपला. पगाराचं पाकीट तिने तीन दिवस पिशवीत घालून फिरवलं. भाऊजींपुढे हात केला की तो आपोआप मागे यायचा. ज्या माणसाच्या पाया पडून ती या घरात आली, त्याला "हा घ्या तुमचा पगार" म्हणायचं म्हणजे ती कोण झाली? चौथ्या दिवशी तिला सुटकेचा मार्ग सापडला. भाऊजींनी अठ्ठावीस वर्षं आपलं पगाराचं पाकीट न उघडता बायकोच्या हातात दिलं होतं. सगळ्या घराला हे ठाऊक होतं, त्यावरून त्यांची थट्टाही व्हायची. मग पाकीट सरळ जाऊबाईंनाच दिलं तर बिघडलं कुठे? पैसे पोचायचे तिथेच पोचणार होते. मधला एक हात फक्त वगळायचा. तिने ते जाऊबाईंच्या स्वयंपाकघरात डब्याखाली सरकवलं. जाऊबाईंनी पाहिलं, मान हलवली, आणि दोघी दुसरंच काहीतरी बोलत बसल्या. पुढचे तीन महिने हेच झालं.

मधल्या काळात भाऊजी कामाला सरावले. बाईमाणसाने शिडी चढायची आणि आपण खाली उभं राहून बघायचं हे त्यांना पटेना, म्हणून शिडी त्यांनी आपल्याकडे घेतली. एक जण वर असला की दुसऱ्याने शिडीचे पाय धरून उभं राहायचं, असा धाकटीचा नियम होता. भाऊजी तिला हाकलून द्यायचे. "तू कशाला उन्हात तिष्ठत उभी राहतेस? जा, आतल्या काचा बघ." ती जायची. गिऱ्हाइकांपुढेही भाऊजींचं 'घरचंच' चालायचं. चपलांच्या दुकानदाराला त्यांनी सांगून टाकलं, "अहो, घरचेच समजा, वरची पाटी आम्ही अशीच पुसून देऊ." दर आठवड्याला ती पाटी फुकट पुसताना धाकटीच्या तोंडाला फेस यायचा.

शुक्रवारी दवाखान्याच्या व्यवस्थापक बाईंनी तिला बोलावून एक कागद पुढे केला.

"शिडीवर चढणाऱ्या प्रत्येक माणसाचा विमा हवा. नवा नियम आहे. तुमच्या कर्मचाऱ्याची इथे सही आणा, मालक म्हणून खाली तुमची. सोमवारपर्यंत."

"आमचे भाऊजी आहेत ते. घरचेच."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "घरचा माणूस पडला तर हाड मोडत नाही का?"

तो कागद घेऊन ती संध्याकाळी जाऊबाईंकडे गेली. भाऊजी दाढीची पाती आणायला बाहेर पडले होते. जाऊबाई भाजी निवडत होत्या.

"जाऊबाई, यावर भाऊजींची सही हवी होती. तुम्ही घेऊन ठेवाल का?"

जाऊबाईंनी हात पुसले, कागद धरला, आणि 'कर्मचारी' या शब्दावर त्यांचं बोट थांबलं. मग त्यांनी उठून आधी दार लोटलं.

"हा त्यांना दाखवू नकोस."

"का?"

"त्यांना माहीत नाही."

"काय माहीत नाही?"

"तू पगार देतेस ते." जाऊबाईंचा आवाज भाजीच्या परातीतच विरत होता. "मी सांगितलंय, दुकानाने सुटताना दिलेली रक्कम ठेवीत टाकलीय, तिच्या व्याजावर घर चालतं. त्यांना वाटतं, ते तुला मदत करतायत. मला म्हणतात, धाकटी एकटी पडलीय, कुणीतरी पाठीशी उभं राहायला हवं."

धाकटीला सगळं एकदम उलगडलं. फुकटची पाटी. 'जा, आतल्या काचा बघ.' स्वतःच्या समजुतीप्रमाणे फुकट राबणारा माणूस होता तो. उदार असणं त्याला परवडत होतं.

"अहो, पण ठेव खरंच आहे ना?"

"कसली ठेव? दुकानावर कर्ज होतं. हातात पडलं ते दोन महिन्यांत संपलं." जाऊबाई पुन्हा भाजी निवडायला बसल्या, पण चांगली पानं देठांत टाकत होत्या. "तुझ्या पगारावर जेवतोय असं कळलं तर घास उतरायचा नाही त्यांच्या घशाखाली. तू ओळखतेस त्यांना."

"म्हणून मी हे किती दिवस चालवायचं?"

"चाललंय तोवर चालू दे ना गं. इतके महिने नीट झोपतात रात्री. फक्त ती शिडी… त्यांना शिडीवर नको चढवू. मान वर केली की चक्कर येते त्यांना. गोळ्या चालू आहेत."

"कधीपासून?"

"दुकान बंद व्हायच्या आधीपासून."

धाकटी हातातला कागद घडीवर घडी घालत राहिली. चार बोटांचा पट्टा आता तिला नीट समजला. वरच्या पायरीवर उभं राहायचं म्हणजे वर बघायचं. भाऊजी वर न बघता, समोर बघून, आंधळ्यासारखा हात फिरवत होते. आणि खाली शिडी धरायला ती नसायची, कारण तिला पाठवून दिलेलं असायचं, आणि ती जायची, कारण जा म्हणणारे भाऊजी होते.

"हे तुम्ही मला चार महिन्यांत एकदाही सांगितलं नाहीत."

"आणि तू? तू पाकीट डब्याखाली ठेवायचीस." जाऊबाई पहिल्यांदाच तिच्याकडे बघून बोलल्या. "त्यांच्या हातात का नाही दिलंस?"

धाकटीने कागदाची घडी पुन्हा उलगडली. बाहेर चपला वाजल्या. भाऊजी आत आले आणि तिला बघून खूश झाले. "धाकटे, चहा घेतलास का? हिने विचारलं नसेल." तिने कागद पिशवीत कोंबला, चहा घेतला, आणि सांगायचं ते न सांगता घरी आली. शनिवारी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं आणि ठरवलं, भाऊजींना रविवारी सांगू. रविवारी भाऊजी, नवरा आणि त्यांचा एक चुलत भाऊ अंगणात खुर्च्या टाकून मजेत गप्पा मारत होते, आणि भाऊजी त्या चुलत भावाला सांगत होते, "आमच्या धाकटीचा धंदा बघा एकदा, मी जातो ना हातभार लावायला." ती पाण्याचे पेले ठेवून आत गेली. नवरा मागोमाग आला.

"सांगितलंस?"

"तुम्ही सांगा."

"माझं तोंड उघडत नाही गं त्याच्यापुढे."

"मग माझं उघडतं असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

सोमवारी सकाळी ती दवाखान्यापाशी पोचली तेव्हा शिडी लागलेली होती आणि भाऊजी वर होते. ती लवकर आली होती. ते तिच्याही आधी आले होते. फरशी रात्रीच्या धुण्याने ओली होती. शिडीचे पाय त्या ओल्या फरशीवर, आणि खाली कुणी नाही.

"भाऊजी, खाली या आधी."

"आलो, एवढी एक काच झाली की."

आणि काच कुठवर झाली ते बघायला त्यांनी मान आधी वर केली, मग तिच्या आवाजाच्या दिशेने खाली. तिला पुढचं सगळं सावकाश दिसलं. वायपर सुटला. त्यांनी दोन्ही हातांनी शिडीच्या कडा धरल्या, डोळे मिटले. डावा पाय पायरीवरून घसरून हवेत आला, त्या धक्क्याने शिडीचा तळ फरशीवर वीतभर सरकला. ती धावली. तिने छातीने शिडी दाबून धरली, दोन्ही पाय शिडीच्या पायांना लावून टेकवले. शिडीतून त्यांचं थरथरणं तिच्या हाडांपर्यंत येत होतं.

"बघू नका कुठेच. एकेक पाय खाली टाका. मी सांगते. उजवा. हां. आता डावा."

बारा पायऱ्या उतरायला किती वेळ लागला ते तिला कळलं नाही. भाऊजी उपड्या बादलीवर बसले. तोंड पांढरं पडलं होतं, ओठाखाली घाम होता.  तिने पाण्याची बाटली उघडून दिली. दवाखान्यात शिरणारी एक बाई थांबली, बघत राहिली, मग आत गेली.

"काही झालं नाही," भाऊजी म्हणाले. "फरशी ओली होती."

"हो."

"घरी हिला सांगू नकोस. उगाच डोक्याला ताप."

धाकटीने पडलेला वायपर उचलून ठेवला. तिच्या बरगड्या दुखत होत्या. भाऊजी दोन घोट पाणी प्यायले, त्यांनी तोंड पुसलं, आणि हळूहळू त्यांच्या आवाजात थोरलेपण परत आलं.

"खरं सांगू का, धाकटे? हे आता आपल्या दोघांचं काम नाही राहिलं. धंदा वाढलाय तुझा. मी किती दिवस असा येऊन जाऊन मदत करणार? आता एक पगारी माणूस ठेव. पगाराचा माणूस असला की त्याला सांगता येतं, इथे चढ, इथे चढू नको. घरच्या माणसाला कोण सांगणार? घाबरू नकोस पैशाला. पहिला माणूस ठेवताना सगळ्यांचीच छाती धडधडते. ठेवून टाक."

ते तिच्याकडे बघत होते, मायेने, अगदी खरोखरच्या मायेने, आणि त्यांच्या गालांवर रंग परत येत होता. आता गप्प बसलं तर आजचा दिवस निभावेल, हे तिला दिसत होतं. उद्याचाही निभावेल. ती शिडीला टेकून उभी होती. तिथून निघून ती त्यांच्यासमोर आली आणि ओल्या फरशीवर खाली बसली.

"ठेवलाय, भाऊजी," ती म्हणाली. "चार महिने झाले. तुम्हीच आहात तो. तुमचा पगार मी जाऊबाईंच्या हातात देते, कारण तुमच्या हातात द्यायची माझी हिंमत झाली नाही. यापुढे तो तुमच्याच हातात देईन. आणि शिडीवर तुम्ही आता चढायचं नाही."