दुधिवऱ्याच्या खिंडीतला जनरेटर

तिकोणा पेठेच्या शाळेने विज्ञान प्रदर्शनासाठी यशोधराबाईंना प्रमुख पाहुण्या म्हणून बोलावलं, तेव्हा विषयही मुख्याध्यापकांनीच ठरवून टाकला होता: विजेवर चालणारी गाडी. "येताना गाडीच घेऊन या, मॅडम. मुलांना हात लावून बघू दे."

यशोधराबाई लोणावळ्याच्या हायस्कुलात विज्ञान शिकवत. गाडी घेऊन आठ महिने झाले होते, आणि या आठ महिन्यांत स्टाफरूममधल्या पेट्रोलवाल्यांना त्यांनी एकदाही सुखाने डबा खाऊ दिला नव्हता.

विरोधी पक्ष होता तो घरातच. सीतारामआप्पा, त्यांचे वडील. रेल्वेच्या सिग्नल खात्यात पस्तीस वर्षं काढून, भाजे गावातलं घर भावावर सोपवून ते लेकीकडे राहायला आले होते. गाडीबद्दल त्यांचं म्हणणं सरळ होतं. "वीज हाय तवर गाडी. वीज गेली का हातगाडी."

"आप्पा, घाट उतरताना ती स्वतःच थोडी चार्ज होते."

"आन चढताना?"

इथे यशोधराबाई विषय बदलत.

प्रदर्शन शनिवारी होतं. शुक्रवारी संध्याकाळी सोसायटीची वीज गेली ती सकाळीच आली. गाडीत तेवीस टक्के उरले होते. घरी भरत बसायला वेळ नव्हता, म्हणून बाई तडक एका हॉटेलच्या आवारातल्या जलद चार्जरकडे गेल्या, तर त्या जागेवर एक भलीमोठी डिझेलची गाडी ऐसपैस उभी. वॉचमन म्हणाला, "सायेब वर न्याहारीला गेलेत." वीस मिनिटं वाट पाहिली. साहेबांची न्याहारी बहुधा जेवणाला जाऊन मिळणार होती. बाईंनी काट्याकडे पाहिलं. बावन्न किलोमीटर, असं गाडी स्वतः सांगत होती. तिकोणा पेठ तीसच्या आतच. पोचू की आरामात, असं म्हणून त्यांनी घरून आप्पांना घेतलं आणि निघाल्या.

शनिवारच्या गर्दीत गाव सोडायलाच पाऊण तास गेला. औंढ्याच्या फाट्यावर धोंडाबाई पेरूंची पाटी घेऊन उभ्या होत्या. आप्पांची जुनी ओळख.

"सीतारामभाऊ, तिकोन्याच्या पायथ्याला सोडता का? गड चढनारी लोकं पेरू लय खात्यात."

"या की. गाडी आपलीच हाय," आप्पा म्हणाले. ही गाडी आपली आहे हे त्यांनी पहिल्यांदाच कबूल केलं होतं, त्यामुळे बाईंना नाही म्हणवेना. पाटीचं वजन किती असेल याचा मनातल्या मनात हिशोब करत त्यांनी मागचं दार उघडलं.

दुधिवऱ्याची चढण लागली आणि काटा घसरायला लागला. एकतीस किलोमीटर, बावीस, बारा. बाईंनी एसी बंद केला. मग रेडिओ बंद केला. मग धोंडाबाईंना बोलणं बंद करायला सांगावंसं वाटलं, पण त्याचा उपयोग नव्हता. खिंड अर्ध्या फर्लांगावर राहिली असताना समोर कासवाचं पिवळं चित्र उमटलं.

"ह्ये कासव कशापायी दाखवतीय?" आप्पांनी विचारलं.

"आता हळू जायचं, असा त्याचा अर्थ."

गाडी खरंच कासवासारखी निघाली. एक सायकलवाला बाजूने पुढे गेला आणि जाताना सहानुभूतीने हसला. वळणावर मोकळी जागा दिसली तिथे बाईंनी गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. प्रदर्शनाचं उद्घाटन अकराला. साडेदहा वाजले होते.

आप्पा उतरले आणि मागे गेले. डिकी उघडल्याचा आवाज आला. बाई मागे धावल्या. घोंगडीखाली काहीतरी लालभडक चमकत होतं.

"आप्पा, हे काय आहे?"

"जनरेटर. मांडववाल्या गोरखचा. सकाळी तू अंघोळीला गेलतीस तवा त्यानंच ठिवून दिला."

"माझ्या गाडीत? वजन किती आहे याचं?"

"पंचवीस किलो आसंल."

"मग म्हणूनच बॅटरी संपली!"

"त्यानंच संपिवली, आन आता त्योच भरनार. लय इमानी हाय बग."

बाईंना रागही आला आणि, खोटं कशाला, हायसंही वाटलं. आप्पांनी दोरी ओढली. खिंडीत मांडवाच्या मागे येतो तसला फटफटाट सुरू झाला. बाईंनी चार्जरची वायर लावली. चार्जरवर लाल दिवा लागला आणि तसाच राहिला.

"अर्थिंग न्हाई म्हनतोय त्यो," आप्पा लगेच म्हणाले. पस्तीस वर्षांचं सिग्नल खातं त्यांच्या अंगात आलं. चाक खोलायचा पाना त्यांनी दगडाने जमिनीत ठोकला, त्याला जनरेटरपासून तार ओढली, इकडची जोडणी तिकडे केली आणि धोंडाबाईंची पाण्याची बाटली पान्याच्या बुडाशी रिकामी केली. दिवा हिरवा झाला. यशोधराबाई अर्थिंगचा धडा दरवर्षी शिकवत. ओल्या मातीचं वाक्य त्या नेहमी वाचून पुढे जात.

"आता ह्यो असाच चालू ठिवून गाडी हाक की," आप्पा म्हणाले.

"वायर लावली की गाडी जागची हलत नाही. चालता चालता चार्ज होणाऱ्या गाड्या वेगळ्या असतात. त्यांच्यात एक छोटं इंजिन आतच बसवलेलं असतं. ते चाकं फिरवत नाही, नुसती बॅटरी भरतं."

"म्हंजी माजी कल्पना कुनीतरी आदीच चोरली म्हना."

एवढ्यात पुण्याची एक गाडी येऊन थांबली. त्यातल्या बाईने काच खाली केली. "दोन चहा आणि एक मॅगी मिळेल का?"

जनरेटर, उघडी डिकी, शेजारी पेरूंची पाटी. लोणावळ्याच्या रस्त्यावर याचा अर्थ एकच होतो. यशोधराबाई म्हणाल्या, "हे हॉटेल नाही, मी शिक्षिका आहे." पण तोवर धोंडाबाई पुढे झाल्या होत्या. "मॅगी संपली. पेरू हायेत. तिकाट-मीठ लावून देऊ?"

मागून आणखी दोन गाड्या थांबल्या. गर्दी बघून चौथी थांबली. एका गृहस्थाने बाईंच्या हातात मिठाचा डबा दिला आणि बाईंनीही नकळत दोन पेरूंना मीठ लावलं. पाऊण तासात पाटी रिकामी झाली.

"आता मी तिकोन्याला जाऊन काय करू?" धोंडाबाई पदर झाडत म्हणाल्या. "ती पुन्याची लोकं औंढ्यावरनंच चाललीत, त्यांच्यासंगं जाते माघारी." निघताना त्यांनी चार्जिंगच्या वायरकडे पाहून हात जोडले.

गाडीत सात टक्के जमले होते. खिंडीपर्यंत ते पुरले, आणि पलीकडच्या उतारावर पवनेचं पाणी दिसायला लागलं तशी गाडी खरोखरच थोडीथोडी भरत गेली. "हे बघा!" बाई ओरडल्या. आप्पांनी काट्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच टोमणा मारला नाही.

शाळेत पोचायला बारा वाजून गेले. मुलं भाषण विसरून गाडीला चिकटली. मग सगळ्यांना सतरंजीवर बसवलं. पहिल्या रांगेत मुख्याध्यापकांशेजारी आप्पा. बाईंनी लिहून आणलेला कागद उघडला, प्रदूषणाचं पहिलं वाक्य वाचलं आणि कागद घडी घालून ठेवला. कासवापासून पेरूंपर्यंत सगळं त्यांनी जसं घडलं तसं सांगितलं. मिठाच्या डब्याला तर एक मुलगा हसून हसून आडवाच झाला.

सातवीतली तेजल उठली. "बाई, मग आपल्या गावाला कुठली गाडी बरी?"

स्टाफरूममध्ये बाईंनी एका शब्दात उत्तर दिलं असतं. आज त्या जरा थांबल्या. "गावोगाव चार्जर झाले तर माझ्यासारखी. तोवर, आत इंजिन असलेली. रोज विजेवर चालवायची आणि अशा एखाद्या दिवशी पेट्रोलचा आधार घ्यायचा."

तेवढ्यात आप्पा हात वर करून उभे राहिले. "मंग तुमी तसली का घ्याची न्हाई ठरवली, बाई?"

सभेत त्यांनी लेकीला अहोजाहो केलं होतं. बाई म्हणाल्या, "मला वाटलं, मला कधी आधार लागणारच नाही."

आप्पा समाधानाने खाली बसले आणि टाळी त्यांनीच आधी वाजवली.

गाडी शाळेत लावली तर फ्यूज उडाला, म्हणून वायर शेजारच्या पिठाच्या गिरणीतून ओढली. चार तास तिथेच काढायचे होते. बाप-लेक गिरणीच्या पायरीवर नाचणीची भाकरी खात बसले.

"तू लय झ्याक बोलतीस गं. आदी कदी आयकलं न्हवतं."

"आधी कधी आला नव्हतात तुम्ही. माझ्या एकाही कार्यक्रमाला."

"ड्युटी आसायची." आप्पा भाकरीचा तुकडा हातातच धरून राहिले. "आन खरं सांगू का, तितं शिकल्याली मानसं आसायची. मी काय बोलनार त्यांच्यासंगं?"

 यशोधराबाईंनी आपल्या ताटातली चटणी त्यांच्या भाकरीवर सरकवली.

पाचच्या सुमाराला साठ टक्के झाले. आप्पा उठून गाडीभोवती एक फेरी मारून आले. "मी बसू का जरा? मैदानातच."

बाईंनी पेडल कुठलं, ब्रेक कुठला ते दाखवलं. गाडी निघाली आणि आप्पांचा चेहरा असा उजळला की मैदानातली पोरं धावत मागे लागली.

"आगं, हिला आवाजच न्हाई!" ते खिडकीतून ओरडले. "चालतीया का न्हाई त्येच कळंना!"

त्यांनी तीन फेऱ्या मारल्या. चौथ्या फेरीला मुख्याध्यापकांनी दोन्ही हात पसरून गाडी अडवली, तेव्हा आप्पांनी हॉर्न वाजवून त्यांनाच बाजूला व्हायला लावलं.