अडतीस नंबरचा बिल्ला

मोजूकाकांच्या लेकीला पहिली मुलगी झाली, त्या वर्षी आमची बँक बुडता बुडता राहिली. दोन्ही गोष्टी एकाच दुपारी घडल्या. एका ठिकाणी मी हजर होतो, दुसऱ्या ठिकाणी गैरहजर, आणि माझ्या त्या गैरहजेरीनेच सगळा घोळ केला. मित्रांनो, मी एक जुना पितळी बिल्ला आहे. बिस्किटाएवढा गोल, वरच्या कडेला भोक आणि पोटावर ठोकलेला आकडा, अडतीस.

माझा जन्म जुन्या वजनांतून झाला. आमच्या गावात तेव्हा बँक नव्हती. शहरातल्या बँका मोठ्या माणसांच्या; सुतार किंवा शिंपी तिथे पायरी चढला, तर शिपाईच दारात विचारायचा, "काय काम आहे?" मग गावातला एक कापडवाला, एक तेलगिरणीवाला आणि एक वकील अशा तिघांनी ओळखीपाळखीच्या लोकांकडून भांडवल गोळा केले, कापड दुकानावरची खोली घेतली आणि स्वतःची बँक काढली. अशा लहान खासगी बँका त्या काळात ठिकठिकाणी निघत होत्या. काही वाढल्या, काही मोठ्या बँकांच्या पोटात गेल्या, काही बुडाल्या. आमची कुठल्या वाटेने जाणार ते कोणालाच ठाऊक नव्हते.

तेलगिरणीवाल्याने आपली झिजलेली पितळी वजने दिली. ओताऱ्याने ती वितळवून साठ बिल्ले ओतले आणि छिन्नीने आकडे ठोकले. माझ्या आठाचे शेपूट जरा लांब पडले. "राहू दे, ओळखायला बरं," असे मोजूकाका म्हणाले, आणि मी पुन्हा भट्टीत जाता जाता वाचलो.

मोजूकाका म्हणजे आमचे रोखपाल. खरे नाव कागदावरच राहिले. नोटा तीनदा मोजल्याशिवाय हातातून सोडत नसत, म्हणून सगळे गाव त्यांना मोजूकाका म्हणे. आमचे काम सोपे होते. पैसे काढायला आलेल्या माणसाने अर्ज दिला की कारकून त्याच्या हातात एक बिल्ला ठेवी. अर्ज तपासून आत गेला की मोजूकाका जाळीच्या खिडकीतून नंबर पुकारत. माणूस बिल्ला देई, पैसे घेई. बिल्ला परत लाकडी पेटीत, आपापल्या खाचेत.

पहिल्याच वर्षी एकाने दुसऱ्याचा पडलेला बिल्ला उचलला आणि त्याचे पैसे घेऊन पोबारा केला. मोजूकाकांनी ती रक्कम अकरा महिने आपल्या पगारातून भरली. तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला. साठ बिल्ले वाटून झाले की एक फेरी झाली. साठच्या साठ खाचा भरल्याशिवाय दुसरी फेरी सुरू करायची नाही. एरवी या नियमाने कोणाचे काही अडत नसे. दिवसभरात साठ माणसे येतच कुठे होती?

पण त्या दिवशी सकाळी साडेनऊलाच जिन्यावर पाय ठेवायला जागा नव्हती.

शेजारच्या गावातली एक बँक आदल्या दिवशी दार लावून बसली होती. तिचा चालक आमच्या कापडवाल्याचा व्याही. एवढे पुरे झाले. सुतार आला, भाजीवाली आली, दोन शिक्षक शाळा सोडून आले. तिजोरीत रोजच्या दोन दिवसांना पुरेल इतकी रोकड होती. शहरातून आणखी रोकड घेऊन मोटार निघाली होती, ती चारपर्यंत पोहोचायची. तोवर खिडकी चालू राहिली आणि लोकांचा धीर टिकला तर बँक वाचणार होती. नाहीतर आम्ही साठजण पुन्हा भट्टीत.

मी त्या दिवशी सुईणबाईंच्या हातात पडलो. खरखरीत, कोरडा, सारखा धुतलेला हात. त्यांनी मला इतके घट्ट धरले होते, की माझा आकडा त्यांच्या तळव्यावर उमटला असेल. अकरा वर्षांची त्यांची साठवण आमच्या बँकेत होती. राहती खोली घरमालक विकायला निघाला होता. महिनाअखेर पैसे दिले तर खोली त्यांची, नाहीतर त्या रस्त्यावर.

"मावशी, तुम्ही कशाला आलात? तुमचे काय बुडणार?" सुताराने मागून चिडवले.

"तुझ्याइतकंच," सुईणबाई म्हणाल्या. "तुझं एक बोट गेलं तर नऊ आहेत. माझ्याकडे ही एकच पिशवी."

आतून हाक आली, "पस्तीस!" मग "छत्तीस!" सुईणबाई जाळीजवळ सरकल्या. तेवढ्यात शिपायाने त्यांची बाही ओढली. मागच्या जिन्यात मोजूकाकांचे जावई उभे होते. सदऱ्याची बटणे वरखाली लागलेली, श्वास लागलेला.

"मावशी, चला. तिला सकाळपासून कळा येताहेत. आता तिला धीर निघत नाही."

"दोन मिनिटं थांबा हो जावईबापू. माझा नंबर आलाच."

"मूल आडवं आहे म्हणते शेजारची आजी."

सुईणबाईंनी एकदा खिडकीकडे पाहिले. माझ्याभोवतीची मूठ आणखी आवळली गेली. "काकांना सांगितलंत?"

"तिने शपथ घातलीय. बाबांना आज सांगायचं नाही म्हणाली. त्यांचा हात चुकेल."

सुईणबाईंची मूठ पदराआड गेली आणि आम्ही मागच्या जिन्याने उतरलो. पाठीमागे मोजूकाकांचा आवाज आला, "सदतीस!" आणि आम्ही गल्लीच्या वळणावर होतो तेव्हा, "अडतीस!"

माझ्या जन्मात मी पहिल्यांदाच हाकेला ओ दिली नाही.

मोजूकाकांचे घर तीन गल्ल्या पलीकडे. सुईणबाईंनी आल्या आल्या मला घड्याळाजवळच्या फळीवर ठेवले, हात कोपरापर्यंत धुतले आणि कामाला लागल्या. मी फळीवरून पाहत होतो. घड्याळात साडेअकरा झाले. बारा झाले. मूल खरोखरच आडवे होते. सुईणबाईंच्या कपाळावरचा घाम नाकावर ओघळत होता, पण आवाज भाजी निवडताना बोलावे तसा. "घाई नाही. आपल्याला काही गाडी पकडायची नाही." जावई दाराबाहेर येरझाऱ्या घालत होते. त्यांच्या चपलांचा आवाज थांबला की मला दुसराच आवाज ऐकू येई. लांबून, बँकेकडून. आधी बाजारासारखा. मग बाजारासारखा नाही.

तिथे काय चालले होते ते मला नंतर सदतीस नंबरच्या बिल्ल्याने सांगितले. एकोणसाठ बिल्ले परत आले. माझी खाच रिकामी. मोजूकाकांनी पंचवीसदा "अडतीस" पुकारले, शेवटी खिडकीची फळी खाली ओढली आणि शिपायाला सुईणबाईंच्या खोलीवर पाठवले. खोलीला कुलूप.

"काका, उघडा ती फळी!" व्यवस्थापक साहेबांच्या तोंडचे पाणी पळाले होते. "एका पितळेच्या तुकड्यापायी बँक घालवाल!"

"साहेब, तो तुकडा एका बाईच्या अकरा वर्षांचा आहे. तो कोणाच्या हातात आहे हे कळल्याशिवाय मी पुढची फेरी देणार नाही."

"अहो, मग निदान लोकांना सांगा तरी!"

"नियम भिंतीवर लावलाय की."

भिंतीवर लावला होता खरा. पण रांगेतल्या निम्म्या लोकांना वाचता येत नव्हते, आणि ज्यांना येत होते त्यांना फक्त बंद फळी दिसत होती. तेवढ्यात कोणीतरी म्हणाले, "सुईणबाईंना मागच्या जिन्याने जाताना मी पाहिलं." मग काय! खालच्या पायरीपर्यंत जाताना त्या वाक्याला हातपाय फुटले. बँक आपल्या माणसांना मागच्या दाराने पैसे देते. सुईणबाई पैसे घेऊन खोलीला कुलूप लावून पळाल्या. तिजोरी रिकामी. पहिला दगड कापड दुकानाच्या पाटीवर बसला. मग एक काच. भाजीवालीने जाळी दोन्ही हातांनी धरून हलवायला सुरुवात केली. "काका, बाहेर या! माझ्या पोरीच्या फीचे पैसे आहेत हो!" मोजूकाका आत नोटांच्या गड्ड्यांपुढे ताठ बसले होते. त्यांचे ओठ मोजल्यासारखे हलत होते, पण हातात काहीच नव्हते.

इकडे एक वाजून दहा मिनिटांनी मूल बाहेर आले. रडले नाही.

मित्रांनो, मी पितळ आहे, मला छाती नाही. तरी मला त्या घड्याळाची टिकटिक सोसवेना. सुईणबाईंनी मुलीला उलटे धरले, पाठीवर थापटले, तोंडातून बोट फिरवले. पुन्हा थापटले. "ए बाई," त्या हळूच म्हणाल्या, "माझा नंबर घालवलास, आता निदान बोल तरी."

आणि ती बोलली. असे बोलली की जावयांनी दार न वाजवताच आत उडी मारली.

सुईणबाईंनी सगळे आवरले, बाळ आईजवळ दिले, हात पुसत निघाल्या. मला विसरून! मी फळीवर तसाच. माझे ओरडणे कोणाला ऐकू येणार? पण बाळंतिणीची नजर घड्याळाकडे गेली, वेळ बघायला, आणि तिथून माझ्यावर.

"मावशी! हा बिल्ला बँकेचा ना? तुमच्याकडे कसा?"

"माझा नंबर यायचा होता. राहिला."

ती उशीवरून अर्धी उठली. "मावशी, पळा. आत्ताच्या आत्ता पळा. हा बाहेर असेल तर बाबा खिडकी उघडणारच नाहीत. त्यांच्यावर सुरी धरली तरी नाही. मी ओळखते त्यांना."

त्याच क्षणी लांबून काच फुटल्याचा आवाज आला, आणि दोघींनी एकमेकींकडे पाहिले.

साठीच्या घरातल्या बाईला धावताना मी पहिल्यांदाच पाहिले. पाहिले म्हणजे काय, मी तिच्या मुठीत होतो. या वेळी त्या मागच्या जिन्याने गेल्या नाहीत. समोरून, गर्दीच्या मधोमध घुसल्या.

"ही बघा आली! पैसे लपवून आली!" कोणीतरी त्यांचा खांदा धरला. सुतार पुढे झाला. "मावशी, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. किती मिळाले?"

सुईणबाईंना बोलायला श्वासच नव्हता. त्यांनी हात वर केला आणि मूठ उघडली. मी उन्हात चमकलो.

"हा... अडतीस," त्या म्हणाल्या. "वाचा की. पैसे घेतले असते, तर हा आत असता. तुम्ही सगळे बिल्ला देऊनच पैसे घेता ना? मग? अजून माझ्याकडेच आहे."

सुताराने मला निरखून पाहिले. आठाच्या लांब शेपटावरून बोट फिरवले. जिन्यावर एकेक आवाज कमी होत गेला. त्याने मागे वळून सांगितले, "सरका. मावशींचा नंबर आहे." आणि ज्या जिन्यावर मुंगीला वाट नव्हती तिथे वाट झाली.

सुईणबाईंनी मला खिडकीच्या फळीवर आपटले. टण्ण! फळी वर गेली. मोजूकाकांनी मला पाहिले, मग त्यांना पाहिले. रागाने त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"कुठे होतात तुम्ही? इथे जळायची वेळ आली!"

"तुमच्या घरी होते. काका, आजोबा झालात. मुलगी आहे, आवाज खणखणीत. आता माझे पैसे मोजा."

मोजूकाकांनी नोटा घेतल्या आणि मोजायला लागले. मध्येच चुकले. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा चुकले. भाजीवाली जाळीला नाक लावून पाहत होती; ती म्हणाली, "काका, मी मोजू का?" आणि त्या दिवशी पहिल्यांदा कोणीतरी हसले.

सुईणबाईंनी सगळी रक्कम घेतली. एक पैसाही मागे ठेवला नाही, सगळ्यांदेखत मोजून पिशवीत घातली. तेच बरे झाले. अकरा वर्षांची साठवण एका बाईला पूर्ण मिळाली, हे गावाने डोळ्यांनी पाहिले. मी माझ्या खाचेत गेलो, दुसरी फेरी सुरू झाली. मोटार पावणेचारला आली तेव्हा जिन्यावर चौदा माणसे उरली होती, आणि त्यातली पाच घरी निघाली होती.

दुसऱ्या दिवशी मोजूकाकांनी साहेबांपुढे उभे राहून सांगितले, "नियम बरोबर होता. गप्प बसलो, ती चूक माझी." त्यानंतर खिडकी थांबवायची झाली की ते आधी बाहेर येऊन, सगळ्यांना ऐकू जाईल असे कारण सांगत. पुढच्या महिन्यात सुईणबाई थोडेसे पैसे घेऊन परत आल्या. "खोली झाली. आता छप्पर गळतंय," म्हणाल्या. नवे खाते उघडले.

आमची बँक वाढली. तिला शाखा फुटल्या, मग एका मोठ्या खासगी बँकेत ती मिसळली. यंत्रे आली, नंबर कागदावर छापून मिळू लागला, आणि आम्हा बिल्ल्यांना एका गोणपाटात भरून अडगळीत टाकले. तिथे आम्ही हिरवे पडलो. अखेर मोडीत घालायचे ठरले, तेव्हा म्हातारे मोजूकाका काठी टेकत आले. गोणपाट उपडे करून त्यांनी लांब शेपटाचा आठ शोधला. मला तराजूत घातले, पितळेचे पैसे भरले आणि पावती घेतली. उरलेले एकोणसाठ भट्टीत गेले.

आता मी त्यांच्या नातीच्या टेबलावर असतो. हो, तीच, जिने माझा नंबर घालवला होता. ती एका नव्या खासगी बँकेत अधिकारी आहे. तिच्या टेबलापुढेही रांग असते, कधी यंत्र बंद पडते, माणसे कुरकुरतात. तेव्हा ती मला हातात घेते, उठते आणि बाहेर जाऊन का थांबायचे ते सांगते.

मित्रांनो, तुमच्या हातात कोणी भरवशाने काही ठेवले तर ते जपा. आणि कोणाला थांबवावे लागले, तर त्याला बंद फळीपुढे उभे करू नका, कारण सांगा. माझ्यासारखी जुनी वस्तू घरात असेल, तर तिला घासून फार चकचकीत करू नका. आकडा झिजतो, आणि आकडा गेला की मी नुसते पितळ उरतो.

नात बँकेत लागली त्याच वर्षी, डिसेंबरातल्या एका सोमवारी सकाळी मोजूकाका गेले. सुईणबाई त्यांच्या चार वर्षे आधी गेल्या, जून महिन्यात, त्यांच्या स्वतःच्या खोलीत.