दुरुस्ती क्रमांक सात

आमचे खासदार राजवीरदादा लोकसभेत कधी बोलतच नाहीत, असं म्हणणं अन्यायाचं होईल. मागच्या खेपेला ते एकदा "अध्यक्ष महोदय, माझा माईक" एवढं बोलले होते. कार्यकर्त्यांनी त्याला मागं गाणं लावून व्हिडिओ गावभर फिरवला.

तरीही मी त्यांच्या दारात गेले. संसदेत कामगार सुधारणा विधेयक येणार होतं, आणि माझी आई, मीनाबाई, कोल्हापुरातल्या एका हॉस्पिटलात सोळा वर्षं कंत्राटावर फरशा पुसते. मी वकील आहे, त्यामुळं ते विधेयक वाचण्याचं पाप माझ्याकडून घडलं. ठेकेदारानं नवीन पत्र दिलं की आधीची सगळी नोकरी पुसली जाणार होती. मी चार ओळींची दुरुस्ती लिहिली: सलग दहा वर्षं काम केलेल्या कंत्राटी कामगाराला कायम करावं.

दादांनी ती न वाचता सही ठोकली. "दीक्षाताई, घोर सोडा. तुमच्या आई त्या आमच्या आईच की!"

नोटीस वेळेत गेली. दुरुस्तीला सात नंबर मिळाला. आता अध्यक्षांनी नाव पुकारल्यावर दादांनी उभं राहून "मी दुरुस्ती मांडतो" एवढंच म्हणायचं होतं. पोपटालासुद्धा जमलं असतं. जागेवर नसलात तर दुरुस्ती बाद, हेही मी त्यांना बजावलं होतं.

त्या दिवशी आईनं रजा टाकली. आम्ही दोघी माझ्या मोबाईलवर कामकाज बघत बसलो. एकशेसाठ पानांचं विधेयक, आणि निम्मी बाकं रिकामी. जे हजर होते ते बाकं बडवत होते, दर दोन वाक्यांनी कुणीतरी 'ऐतिहासिक' म्हणत होतं. आईनं आयुष्यात इतकी बिनकामाची माणसं एका खोलीत पाहिली नव्हती, आणि ती तर हॉस्पिटलात काम करते.

"दुरुस्ती क्रमांक सात. श्री. राजवीर."

कुणी उठलं नाही. अध्यक्षांनी पुन्हा पुकारलं. मग "उपस्थित नाहीत" म्हणून ते आठवर गेले. बाविसाव्या मिनिटाला विधेयक मंजूर झालं.

"लघवीला गेलं असतील गं," आई म्हणाली. मला तिच्या या चांगुलपणाचाच राग आला.

दादा बाहेर फोटो काढत होते. मतदारसंघातल्या मुरगूडचे चाळीस कार्यकर्ते फेटे बांधून संसद बघायला गेले होते, आणि प्रत्येकाला दादांबरोबर वेगळा फोटो हवा होता. एकत्र फोटोत जो मागं राहतो तो रुसतो, आणि पुढच्या निवडणुकीत दुसऱ्याच्या फोटोत पुढं दिसतो. ही भीती दादांना चांगलीच ठाऊक. अध्यक्ष नाव पुकारत होते तेव्हा तेविसावा फोटो चालू होता. व्हॉट्सॲपवर वेळेसकट आला.

महिन्याभरात आईला नवीन पत्र मिळालं. सोळा वर्षांची मीनाबाई कागदावर कालची झाली.

आणि त्याच आठवड्यात दादांचा सत्कार! बोर्डावर 'कामगारांचा बुलंद आवाज'. ठेकेदाराच्या सुपरवायझरनं हॉस्पिटलातल्या सगळ्या सफाईच्या बायकांना सभागृहात आणून बसवलं, आणि फोटोला एक कामगार बाई हवी म्हणून आईला हार देऊन स्टेजवर ढकललं. मी मागच्या रांगेत बसले होते.

आईनं हार घातलाच नाही. ती माईकपाशी गेली.

"दुरुस्ती क्रमांक सात," ती म्हणाली. "श्री. राजवीर."

दादांना वाटलं, कौतुक चाललंय. "हाय की आक्का, हितंच हाय!"

"व्हय, आज हाईसा," आई म्हणाली. "तिकडं दोनदा नाव घेतलं, तवा कुठं गेलतासा? माझी सोळा वर्सं गेली न्हवं का!"

तिनं हार टेबलावर ठेवला आणि खाली उतरली. बायकांच्या रांगेतून पहिली टाळी वाजली, मग सगळ्याच. दादा हात जोडून हसत राहिले. त्यांना दुसरं काही येत नाही.

दुसऱ्या दिवशी आई नेहमीसारखी सातला कामावर गेली. सुपरवायझरनं हजेरीचा कागद काढला, नाव पुकारलं, आणि तिच्यापुढं 'गैरहजर' लिहिलं. आई बादली घेऊन त्याच्यासमोर उभी होती.