दोन शब्द विसरायचे

माझ्या भावाला खोटं बोलायला मीच शिकवलं. त्याला स्वतःला ते कधीच जमलं नसतं.

अकरा वर्षं झाली त्याला. मानासेला नुकतंच मोठ्या संघात घेतलं होतं. टोंगातल्या आमच्या वावाऊ बेटावरून तो पंधराव्या वर्षी माझ्यामागोमाग टेक्सासला आला, तेव्हा अनवाणी रग्बी खेळायचा. इथे अमेरिकन फुटबॉलमध्ये त्याला हेल्मेट घालून चेंडू फेकणाऱ्यापुढे उभं केलं. समोरून जो चाल करून येईल त्याला अंगावर घ्यायचं, एवढंच काम. चेंडूला हात लावायचा नाही. आई म्हणायची, "रविवारी देवाच्या दारात यायचं सोडून हा लोकांना ढकलतो, आणि त्याला चेंडूसुद्धा देत नाहीत."

हंगामाआधी संघाचा डॉक्टर डोक्याची परीक्षा घेतो. पाच शब्द सांगतो, दुसरंच काहीतरी बोलत राहतो आणि थोड्या वेळाने ते शब्द परत विचारतो. पुढे डोक्याला मार बसला की पुन्हा तीच परीक्षा. उत्तरं आधीपेक्षा वाईट आली की घरी बसवतात. म्हणून जुने गडी नव्यांच्या कानात सांगतात, की पहिल्याच परीक्षेत मठ्ठ बन, म्हणजे पुढे कोणाला फरक कळायचा नाही.

मानासे माझ्याकडे आला. "ताई, मुद्दाम चुकायला गेलं की जीभ अडखळते गं."

"त्यात काय अवघड आहे? शाळेत न ठरवता चुकायचास की."

आमच्या टोंगन घरात वयात आलेले भाऊ-बहीण एका खोलीत दोघंच बसत नाहीत, म्हणून आई मधे बसली, अळकुड्या सोलत. मी शब्द आईला सांगायचे, आई त्याला. लिंबू, शिडी, घोडा, रुमाल, पूल. दुसरा आणि चौथा विसरायचा, असं मी ठरवून दिलं. त्याच्या तोंडून पाचही यायचे आणि तो कपाळावर हात मारायचा. आठवडाभर घोकून घेतलं तेव्हा कुठे तो नीट विसरायला लागला. आम्ही तिघं किती हसलो होतो. आज ते हसू आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

दर वर्षी ती परीक्षा व्हायची आणि दर वर्षी त्याला पाचातले तीन यायचे. कागदावर सगळं जिथल्या तिथे. नाटक कुठल्या वर्षी संपलं आणि खरं विसरणं कधी सुरू झालं, ते आता कोणीच सांगू शकणार नाही. त्यालाही नाही.

मला कळलं ते या ऑक्टोबरात. एका शनिवारी त्याने अंगणात खड्डा खणला, दगड तापवले, नारळाच्या दुधातलं मांस पानांत गुंडाळून आत शिजायला ठेवलं, वरून माती ओढली. अर्ध्या तासाने तो परत फावडं घेऊन आला आणि शेजारीच दुसरा खड्डा खणायला लागला. चुलतभाऊ हसले, "अरे, अख्ख्या गावाला जेवायला बोलावलंयस का?" तोही हसला, पण तो का हसतोय ते त्याला ठाऊक नव्हतं. मी त्याचे डोळे पाहिले आणि त्याच्या हातातलं फावडं काढून घेतलं.

त्याच संध्याकाळी मी सांगितलं, "मानासे, आता खेळणं बंद."

आमच्यात बहिणीचा शब्द भाऊ खाली पडू देत नाही. त्याने मान खाली घातली. "बरं, ताई."

सोमवारी त्याच्या बायकोचा, सेलूचा, फोन आला. तो सरावाला गेला होता. मी पुन्हा सांगितलं. तो पुन्हा "बरं, ताई" म्हणाला, जसं काही पहिल्यांदाच ऐकतोय, आणि पुन्हा गेला. सेलूने बूट लपवले, तर सकाळी त्याने मलाच फोन करून विचारलं, "ताई, माझे बूट तुझ्याकडे राहिलेत का गं?" उद्धटपणा केला असता तर मी त्याला झोडपून काढलं असतं. आज्ञा पाळणाऱ्या माणसावर हात कसा उचलायचा?

आता संघाचा डॉक्टरच त्याला थांबवू शकत होता. गुरुवारी आईला आणि मानासेला गाडीत घालून मी त्याच्याकडे गेले. माणूस भला होता. त्याने समोरच परीक्षा घेतली. पाचातले तीन.

"दर वर्षीसारखंच," तो म्हणाला. "कागद तर हेच सांगतो."

"कागद खोटा आहे, डॉक्टर. तेव्हा त्याला पाचही येत होते. दोन विसरायला मी शिकवलं."

त्याने पेन खाली ठेवलं. "काय रे, खरं का हे?"

मानासे बुटांकडे बघत म्हणाला, "ताई म्हणते तर तसंच असेल."

"तुला आठवतंय का, ते विचारतोय मी."

"ताई म्हणते ना."

"आणि ताई म्हणाली की तू चंद्रावर जाऊन आलास, तर?"

मानासेने माझ्याकडे न बघता विचार केला. "असेल, डॉक्टर."

डॉक्टर हसला नाही. तो मला हळू आवाजात म्हणाला, "बाई, तुम्हाला भावाची काळजी आहे, हे दिसतंय. पण कोणाची बहीण काय म्हणते त्यावर मी गड्याला बसवू शकत नाही. मला फरक दाखवा." फरक दाखवायला मी काही शिल्लकच ठेवलं नव्हतं. आई सांगायला पुढे सरसावली, तर तो म्हणाला, "आईसुद्धा तुमचीच आहे ना?" रविवारी खेळायला परवानगी मिळाली.

परत निघालो. गाडी मी चालवते तेव्हा मानासे मागे बसतो, एकशे चाळीस किलोचा देह, गुडघे हनुवटीला लागलेले. वाटेत त्याला सरावाच्या मैदानावर सोडायचं होतं.

"ताई, तू शिकवलेले ते शब्द कुठले होते गं?"

आई मागे न वळता म्हणाली, "लिंबू, शिडी, घोडा, रुमाल, पूल." आई शहात्तरची आहे.

आरशात मला त्याचे ओठ हलताना दिसत होते.

"लिंबू," तो म्हणाला. मग बराच वेळ गेला. "घोडा." मैदानाचं फाटक आलं, मी गाडी थांबवली. तो उतरला नाही, कपाळाला आठ्या घालून तसाच बसून राहिला. "होडी," तो शेवटी म्हणाला.

आईने हाताने तोंड दाबलं. मानासेने आमच्या दोघींकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा एकदम खुलला, त्या अळकुड्यांच्या दिवसांत खुलायचा तसा.

"बरोबर चुकलो ना, ताई?"

"हो रे," मी म्हणाले. "अगदी बरोबर."

तो खूश होऊन बॅग खांद्याला लावून आत गेला.