एकाच जाडीच्या दोऱ्या

माझ्या नवऱ्याला यंत्रांतलं, तंत्रांतलं आणि माणसांतलं सगळं कळतं. त्यामुळे आमच्या शिडाच्या होडीच्या बूममधल्या दोऱ्या बदलायची वेळ आली तेव्हा कारागीर बोलवायचा प्रश्नच नव्हता.

बूम म्हणजे शिडाच्या तळाशी आडवा असतो तो पोकळ दांडा. त्याच्या पोटातून तीन दोऱ्या जातात: एक शिडाचा तळ ताणायला, दोन वारा वाढला की शीड लहान करायला. तिन्हींची टोकं डोलकाठीपाशी बाहेर येतात आणि एकाच ढिगात पडतात. होडी सासऱ्यांची. चाळीस वर्षं त्यांनीच चालवली. आता सुकाणू नवरा धरतो आणि बाबा डोलकाठीपाशी उभे राहून दोऱ्या सांभाळतात. डोळ्यांच्या डॉक्टरांनी 'थोडं अंधुक' म्हटल्यापासून नवऱ्याला त्यांना धक्क्यावरच बसवायचं होतं. बरीच वादावादी होऊन शेवटी तह झाला. नव्या दोऱ्या बसल्या की होडी धक्क्याला बांधलेली असतानाच बाबांनी एकदा शीड लहान करून दाखवायचं. जमलं तर दोऱ्या त्यांच्याच. नाही जमलं तर धक्क्यावरचा बाक त्यांचा.

बाबा म्हणाले, शाळा सुटल्यापासून पन्नास वर्षांत मला कोणी परीक्षेला बसवलेलं नाही. एवढं बोलून ते तयारीला लागले, म्हणजे बाकावर शांत बसून राहिले.

नवऱ्याने आठवडाभर व्हिडिओ पाहिले होते. जुन्या दोरीच्या शेपटाला नवी शिवायची आणि जुनी ओढायची, की नवी तिच्या मागोमाग बूममधून पलीकडे जाते. इतकं सोपं काम त्याला अर्थातच पसंत पडलं नाही. आधी लांबी मोजायची म्हणून त्याने पहिली जुनी दोरी सर्रकन पूर्णच बाहेर काढली. लांबी मात्र अगदी अचूक मोजली. मग रिकाम्या भोकात डोकावून पाहिलं.

"पूर्णच काढलीस का?" बाबांनी बाकावरून विचारलं. त्यांना नुसता आवाज ऐकू आला होता.

नवरा म्हणाला, हे मुद्दाम केलंय. पुढचा दीड तास त्याने मुद्दाम एक तार आत ढकलली, ती मुद्दाम मध्येच अडकवली आणि मग मुद्दाम तिला शिव्या घातल्या. बाबांनी दोनदा सांगितलं, बारीक दोऱ्याला प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा बांध, तो बूमच्या एका तोंडात सोड आणि दुसऱ्या तोंडाला व्हॅक्यूम क्लीनर लाव. नवरा हसला. म्हाताऱ्यांच्या युक्त्यांना आधी हसायचं असतं, करायच्या नंतर असतात. शेवटी मीच घरी जाऊन क्लीनर उचलून आणला. दोरा दहा सेकंदांत पलीकडे आला. माझ्या डोक्यात हेच होतं, असं नवऱ्याने मला सांगितलं.

उरलेल्या दोन दोऱ्या रीतसर शिवून ओढल्या. जुन्या बाहेर यायला लागल्या तशा बाबा त्या मांडीवर घेऊन बोटांमधून सरकवत बसले. एक जाड, एक बारीक, एक खरखरीत. मला वाटलं, जुन्या सोबत्यांचा निरोप घेताहेत. मी हळवीसुद्धा झाले. हळवं व्हायला फारसं बघावं लागत नाही.

जुन्यांसारख्याच आणल्यास ना, असं त्यांनी विचारलं. नवरा म्हणाला, त्याहून भारी. होत्याच भारी: तिन्ही एकाच जाडीच्या, एकसारख्या गुळगुळीत. एक लालभडक, एक हिरवीगार, एक निळीशार. बाबांना कमी दिसतं म्हणून त्याने शोधून शोधून भडक रंग आणले होते. या एका गोष्टीबद्दल मी त्याचं कौतुक केलं होतं, हे आत्ताच सांगून टाकते.

शीड चढवलं. वारा बेताचाच होता. बाबा नेहमीच्या ऐटीत डोलकाठीपाशी उभे राहिले आणि नवरा परीक्षकाचा चेहरा करून मागे बसला.

"लाल ओढा, बाबा."

बाबा वाकले. ढिगातली एक दोरी उचलून त्यांनी अंगठ्याने चोळली आणि सोडली. दुसरी चोळली, तिसरी चोळली. पुन्हा पहिली घेतली. मग निळी घट्ट धरून ओढायला लागले. नवरा म्हणाला, लाल म्हटलं मी. त्यांनी निळी सोडली आणि हिरवी धरली.

"सगळ्या एकसारख्याच आणल्यास रे," ते म्हणाले.

"एकसारख्या कुठे? एक लाल आहे, एक..." नवरा बोलता बोलता थांबला.

बाबांच्या हातात हिरवी दोरी होती आणि तोंड पाण्याकडे होतं. मला एकेक गोष्ट आठवायला लागली. वर्तमानपत्रात वाचण्यासारखं काही उरलं नाही, असं ते सहा महिने म्हणत होते आणि मी मान डोलवत होते. चहाचा कप रोज त्याच जागी ठेव म्हणायचे, तर मी मनात म्हणायचे, काय हा हट्ट. रोज दोन्ही वेळा त्यांच्यापुढे ताट मीच ठेवत होते. मला स्वतःची लाज वाटली.

"कधीपासून, बाबा?" नवऱ्याने विचारलं.

"उजेड कळतो मला. बाकीचं हाताला कळत होतं, तू बदलेपर्यंत."

आता बाकच, असं मला वाटलं. तह तसाच होता, आणि शब्दाला नवरा पक्का आहे. तो खाली केबिनमध्ये गेला. बराच वेळ नुसती खुडबुड ऐकू येत होती. वर आला तो मेण लावलेला दोरा आणि जाड सुई घेऊन. मांडी घालून बसला आणि हिरवीच्या टोकाशी दोऱ्याचा एक पट्टा गुंडाळून शिवला, लालवर दोन, निळीवर तीन. एकही व्हिडिओ न पाहता. प्रश्नपत्रिकाच चुकीची छापली होती, असं काहीतरी पुटपुटला. त्याच्याकडून माफी ती एवढीच निघते, अठरा वर्षांत मला ओळखू यायला लागली आहे.

"दोन," तो म्हणाला. रंगाचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

मी शीड हातभर खाली सोडलं. बाबांनी ढिगात हात घातला, एक टोक चाचपलं, सोडलं, दुसरं उचललं आणि ओढलं. शिडाचा मागचा कोपरा सरसरत खाली आला आणि बूमवर नीट बसला. त्यांनी दोरी अडकवली, हात झटकले आणि नवऱ्याकडे वळले.

"तीनचे वेढे सैल आहेत. दिसत नाही का तुला?"

नवऱ्याने निळी दोरी उचलली, डोळे मिटले आणि टोकावरून अंगठा फिरवून पाहिला. सैलच होते.